शरीराची मोजदाद

पवित्र शास्त्रात मोजदादीच्या दोन गोष्टी आहेत आणि त्यांचे निकाल अगदी परस्परविरुद्ध लागले आहेत. दावीद राजाने राज्यातील तलवार धरू शकणाऱ्या पुरुषांची शिरगणती करविली. हे कशासाठी, असे सेनापती यवाबानेही विचारून पाहिले. पण राजाचा हट्ट टिकला. गणती पुरी होताच दाविदाचे मन त्याला खाऊ लागले, आणि शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकाने त्या गणतीची नोंद पाप म्हणूनच केली आहे. दुसरी गोष्ट संत लूकच्या शुभवर्तमानातील. शंभर मेंढरांतले एक हरवले म्हणून मेंढपाळ रानोमाळ हिंडतो. प्रवचनांतून आम्ही त्याच्या हिंडण्याविषयी पुष्कळ बोलतो. परंतु हिंडण्याआधी त्याने मेंढरे मोजली होती, हे सहसा कोणी सांगत नाही. मोजलीच नसती, तर एक कमी आहे हे त्याला कळले असते कोठून?

सांप्रत आपल्या घरांत एक नवी मोजदाद शिरली आहे. नांदगाव पेठेत एका पिढीपूर्वी काटा म्हटला की तो कापसाचा किंवा तुरीचा. आता काचेचा चपटा काटा पलंगाखाली सरकवलेला असतो. त्यावर अनवाणी उभे राहिले की वजन दिसते, आणि खाली शरीरात चरबी शेकडा किती तेही दिसते. औद्योगिक वसाहतीतील पाळी संपवून व्यायामशाळेत जाणारी आपली मुले हा आकडा रोज भ्रमणध्वनीत साठवतात आणि एकमेकांना दाखवतात. त्यांच्या आजोबांना हे सारे थेर वाटते. देवाने दिलेले शरीर, त्यात काय मोजायचे, असे ते म्हणतात. नातू म्हणतो, देवाने दिले आहे म्हणूनच तर हिशेब ठेवायचा. दोघेही रविवारी एकाच बाकावर बसतात आणि मिस्सा संपल्यावर निवाडा मात्र आमच्याकडे मागतात. ही मोजदाद दाविदाची की मेंढपाळाची?

निवाड्यापूर्वी आकडा येतो कसा ते पाहिले पाहिजे, कारण ज्याची साक्ष काढायची तो साक्षीदार कितपत विश्वासाचा आहे हे आधी ठाऊक असावे. जिवंत माणसाच्या शरीरातील चरबी वेगळी काढून कोणी तोलू शकत नाही. त्यामुळे सगळे मोजमाप आडवाटेने होते. काचेचा काटा एका पायातून दुसऱ्या पायात अत्यंत सौम्य विद्युतप्रवाह सोडतो. पाणी आणि स्नायू प्रवाहाला वाट देतात, चरबी अडवते; त्या अडथळ्यावरून यंत्र अंदाज बांधते. परंतु प्रवाह एका पायाने चढतो आणि दुसऱ्या पायाने उतरतो. पोट, जिथे खरी भानगड असते, ते बव्हंशी वरच राहते आणि त्याचा हिशेब सूत्राने भरून काढला जातो. सकाळी एक आकडा आणि दोन तांबे पाणी पिऊन, जेवून, घाम गाळून आल्यावर दुसरा आकडा, हा चमत्कार त्यातूनच घडतो. दुसरी रीत शिंप्याच्या फितीची. अमेरिकन नौदलासाठी हॉजडन आणि बेकेट यांनी १९८४ साली एक सूत्र बसवले. पुरुषाची मान, कंबर आणि उंची, स्त्रीच्या बाबतीत नितंबांचा घेरही, एवढ्यावरून चरबीचा अंदाज निघतो. उंची १६८ सेंटिमीटर, मान ३७ आणि कंबर ८८ असलेल्या पुरुषाची चरबी या सूत्राने सुमारे २१ टक्के येते. फीत जरा सैल धरून कंबर ९० लिहिली, की तोच माणूस साडेबावीस टक्क्यांचा होतो. तिसरी रीत कातडीची घडी चिमट्यात धरून तिची जाडी मोजण्याची; तीत चिमटा धरणाऱ्याचा हात सरावाचा लागतो. डच संशोधक डॉयरेनबर्ग यांनी १९९१ साली मांडलेल्या सूत्रात तर वजन, उंची, वय आणि लिंग एवढेच पुरते. मात्र त्यात आपले वय दहा वर्षांनी कमी लिहिले तर चरबीही बसल्या जागी २.३ टक्क्यांनी उतरते. तारुण्य परत मिळविण्याचा इतका स्वस्त उपाय आमच्या पाहण्यात दुसरा नाही.

म्हणजे घरगुती मापात तीन-चार टक्क्यांचा फरक गृहीतच धरावा. काट्यावर २३.७ असा दशांशासह आकडा झळकतो, तेव्हा तो दशांश आठवी आज्ञा मोडत असतो. आपल्याला ठाऊक नाही ते ठाऊक असल्यासारखे सांगणे ही खोटी साक्षच. मग मोजायचेच कशाला? तर एका क्षणाचा आकडा फसवा असला, तरी त्याच रीतीने, त्याच वेळी, त्याच हाताने घेतलेल्या आकड्यांची रांग पुष्कळ खरे बोलते. सकाळी प्रातर्विधीनंतर, काही खाण्यापिण्यापूर्वी, पंधरा दिवसांतून एकदा मोजले की पुरे. रोजच्या चढउतारात मीठ आणि पाणीच अधिक बोलते. वजन जागचे हलले नाही पण कंबर दोन बोटे उतरली, तर व्यायामाने स्नायू वाढले आणि चरबी घटली असे समजण्यास हरकत नाही. आणि ज्यांना सूत्रे नकोत त्यांच्यासाठी घरातला दोरा आहे. आपल्या उंचीइतका दोरा घ्यावा, मध्यावर दुमडावा आणि सहज श्वास सोडून शेवटची बरगडी व कमरेचे हाड यांच्या मधोमध कमरेभोवती धरावा. टोके जुळली तर ठीक. जुळत नसतील, तर कंबर उंचीच्या निम्म्याहून अधिक आहे, आणि ती सूचना काट्याच्या दशांशापेक्षा अधिक गांभीर्याने घ्यावी.

हे सारे स्थूल माणसांसाठी आहे, आपण तर सडपातळ, असे मानणाऱ्या वाचकांनी येथे थोडे थांबावे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे प्राध्यापक जॉन युडकिन या दोन स्नेह्यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचेच छायाचित्र छापून एक गंमत मांडली. वजनाला उंचीच्या वर्गाने भागून येणारा जो निर्देशांक डॉक्टर वापरतात, तो दोघांचाही २२.३ होता. त्या आकड्याने पाहता दोघे जुळे भाऊ. परंतु क्ष-किरणांच्या यंत्राने चरबी मोजली, तेव्हा युडकिन यांच्या शरीरात ती ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के निघाली. एक जण मॅरेथॉन धावत असे. दुसऱ्याचा मुख्य व्यायाम म्हणजे रुग्णालयातील लिफ्टचे दार मिटण्याआधी आत शिरणे, असे त्यांनी मिस्किलपणे लिहूनही टाकले. पण त्यांनी आळसापाशी विषय संपवला नाही. याज्ञिक जन्मतः कमी वजनाचे होते, याचीही नोंद तिथे आहे.

ती नोंद सहज केलेली नव्हती. याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतील गर्भवती मातांचा आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास चालवला. त्या बाळांचे सरासरी वजन २.७ किलो भरले. इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बाळांचे ३.५ किलो. आपली बाळे दंडाने, पोटाने लहान होती, स्नायूंनी रोड होती. पण खांद्याच्या पात्याखालील कातडीची घडी मोजली, तेव्हा तिथली चरबी त्या मानाने फारशी कमी नव्हती. किडकिडीत तरीही चरबीयुक्त, असे हे भारतीय बाळ. मातेच्या उदरात जे उपाशी राहिले, त्याचे शरीर पुढे मिळालेल्या सुबत्तेला साखरेच्या विकाराने उत्तर देते, असे या संशोधकांचे म्हणणे आहे. आपल्या देशात १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह असल्याचे २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीने दाखवले. भारतीयांसाठी कमरेची मर्यादा पुरुषांना ९० आणि स्त्रियांना ८० सेंटिमीटर अशी युरोपियनांपेक्षा खाली धरली जाते, तीही याचसाठी.

आता आपल्या परिसराकडे पाहा. बाप शेतावर चालत जाई, दिवसभर वाकून निंदण करी आणि ज्वारीची भाकर, वरण, भाजी खाई. मुलगा दुचाकीने कारखान्यात जातो, आठ तास यंत्रासमोर उभा राहतो, रात्रपाळी संपवून पहाटे चौकात गिला वडा आणि कढी खाऊन झोपतो. हातपाय बापासारखेच काटक. पोट तेवढे शर्टाच्या गुंड्यांना ताण देऊ लागले आहे. त्याला कोणी जाडा म्हणत नाही, तोही स्वतःला म्हणत नाही. चाळिशीत पायाला जखम होते, ती बरी होत नाही, आणि मग रक्त तपासले जाते. असे किती घरांत घडले आहे ते वाचकांनी स्वतःच आठवावे. आम्ही रुग्णाभ्यंगासाठी अशा घरांत जातो, तेव्हा खाटेशेजारी दहावीतली मुलगी उभी असते आणि तिच्या चेहऱ्यावर पुढल्या वर्षाच्या फीचा प्रश्न असतो. ‘देवाची इच्छा’ हे शब्द त्या खोलीत आमच्या ओठांवर येत नाहीत. ज्याला दोराभर माप घेऊन दहा वर्षे आधी सावध होता आले असते, त्याच्या आजाराचे सगळे ओझे देवावर टाकणे हा देवावर अन्याय आहे. आजोबांचे ते वाक्य, शरीर देवाचे आहे, काय मोजायचे, श्रद्धेसारखे दिसते. पण शुभवर्तमानात मालकाने दिलेले नाणे जमिनीत पुरून ठेवणारा चाकरही जवळपास असेच बोलला होता.

तेव्हा न मोजण्यातही दोष असू शकतो, हे नातवाच्या बाजूने झाले. १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या ख्रिस्तसभेच्या धर्मशिक्षणग्रंथात पाचव्या आज्ञेच्या विवेचनात जीवन आणि आरोग्य ही देवाची मोलाची देणगी असून तिची वाजवी काळजी घेणे हे कर्तव्य असल्याचे सांगितले आहे. मात्र लगेच पुढच्याच परिच्छेदात देहाची पूजा मांडून, शारीरिक परिपूर्णता आणि खेळातील यश यांना मूर्ती बनवून त्यांच्यासाठी सर्वस्व वाहणाऱ्या वृत्तीचा स्पष्ट निषेध आहे. आमच्या तरुण मित्रांना पहिला परिच्छेद तोंडपाठ असतो.

संत थॉमस अक्वायनस यांचा खादाडपणावरचा विचार येथे उपयोगी पडतो. (ते स्वतः अंगाने भरदार होते असे परंपरा सांगते, म्हणून त्यांचे म्हणणे आम्हांस अधिकच प्रामाणिक वाटते.) केवळ जास्त खाणे म्हणजे खादाडपणा असे ते मानत नाहीत. वेळेआधी खाणे, उंची पदार्थांचा हव्यास धरणे, अधाशीपणे खाणे, आणि जेवण अमुकच रीतीने झाले पाहिजे म्हणून अति चोखंदळपणा करणे, हेही त्यात मोडते. हे शेवटचे कलम तेराव्या शतकातले आहे यावर विश्वास बसत नाही. घरात सणाची पुरणपोळी झाली आहे, आई वाढायला उभी आहे, आणि मुलगा सहा अंड्यांचा पांढरा भाग तोलून वेगळा मागतो. त्याची चरबी बारा टक्क्यांवर आली असेल, पण मन सारा दिवस ताटातच अडकलेले आहे. त्याला खादाड म्हटले तर राग येईल. अक्वायनस यांनी म्हटले असते.

मुलींची गोष्ट वेगळी सांगितली पाहिजे. स्त्रीच्या शरीराला सुमारे १२ टक्के चरबी जगण्यासाठी आणि मातृत्वासाठी लागतेच. पुरुषाचे तीनच्या आसपास भागते. चरबी फार घटली की मासिक धर्म थांबतो, हाडे झिजतात. असे असता भावाचा आकडा बहिणीने गाठावा म्हणून तिने जेवण सोडणे, किंवा स्थळ पाहायला आलेल्या पाहुण्यांनी तिच्या वजनाची चौकशी करणे, ही दाविदाची गणती होय. ज्याची मोजदाद चालली आहे त्याच्या हितासाठी ती होत नाही; मोजणाऱ्याला आपली मालमत्ता किती हे पाहायचे असते. आपल्या कॅथलिक घरांतही हे चालते. बाप्तिस्म्याच्या वेळी त्या बाळाला देवाचे लेकरू म्हणून नावाने हाक मारून स्वीकारणारी हीच मंडळी वीस वर्षांनी तिला किलोने विचारतात, याचा आम्हांस खेद होतो.

स्वतःच्या प्रगतीची नोंद ठेवण्याचा निर्मळ मार्ग आपल्या परंपरेत जुनाच आहे. संत इग्नेशियस लोयोला यांच्या आध्यात्मिक साधनेच्या पुस्तकात, ज्याला १५४८ साली पोपची मान्यता मिळाली, एकच दोष निवडून रोज दोन वेळा त्याचा हिशेब घेण्याची रीत दिली आहे. प्रत्येक दिवसासाठी दोन रेघा ओढायच्या, जितक्या वेळा चूक घडली तितके ठिपके द्यायचे, मग आजची कालशी आणि या आठवड्याची मागल्या आठवड्याशी तुलना करायची. आलेखच तो! परंतु त्याची तुलना नेहमी स्वतःशी आहे, शेजाऱ्याच्या ठिपक्यांशी नाही. आणि ठिपके देवाने दिलेल्या कृपेला किती वाट मोकळी झाली ते पाहण्यासाठी आहेत. याच इग्नेशियसने तरुणपणी मान्रेसा येथे कडक उपवासांनी आपली प्रकृती खालावून घेतली होती. पुढे १५४८ सालीच फ्रान्सिस बोर्जिया यांना लिहिलेल्या पत्रात त्यांनी उपवास कमी करून पोटाची काळजी घ्यावी असे बजावले. आत्म्याइतकेच शरीरही निर्मात्याचे आहे आणि त्याचा हिशेब द्यावयाचा आहे, असा त्या पत्राचा आशय आहे. देहदंडाचे मोठेपण सांगणाऱ्यांनी हे पत्रही सांगावे.

आपल्या मातीतही मोजण्याची एक चांगली रीत होती. अमरावतीत वैद्य बंधूंनी १९१४ साली श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ उभारले आणि १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी मंडळाच्या पथकाने तिथे भारतीय खेळांची प्रात्यक्षिके केली. त्या जुन्या आखाड्यांत प्रगती मोजली जाई ती जोर किती काढता, बैठका किती मारता, मल्लखांबावर पकड किती टिकते यावर. शरीर कसे दिसते यापेक्षा ते काय करू शकते, हा तिथला प्रश्न होता. आम्ही तरुणांना सांगतो की टक्क्यांसोबत एवढेही लिहीत जा: दोन मजले न थांबता चढतो का, आजीला उचलून खाटेवर ठेवता येते का, पाळी संपवून घरी आल्यावर धाकट्याशी खेळण्याइतका जीव उरतो का. यात चार टक्क्यांची चूक होत नाही.

आणि आता ज्या फितीने सुरुवात झाली तिचे दुसरे टोक. आपल्याच अमरावती जिल्ह्याच्या उत्तरेला मेळघाट आहे. धारणी आणि चिखलदरा तालुक्यांतील कोरकू बालकांचे मृत्यू १९९३ साली महाराष्ट्रासमोर आले, आणि कुपोषण हा शब्द मेळघाटाला कायमचा चिकटला. तिथेही फीत वापरतात. बाळाच्या दंडाभोवती ती धरतात. सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या मुलाचा दंड साडेअकरा सेंटिमीटरपेक्षा कमी भरला, तर ते मूल तीव्र कुपोषित समजून त्याच्यावर तातडीने उपचार व्हावे लागतात. साडेअकरा सेंटिमीटर म्हणजे किती, हे वाचकांनी आपल्या मनगटाभोवती दोरा धरून पाहावे. ही मेंढपाळाची मोजदाद आहे. अंगणवाडीची ताई फीत धरते तेव्हा तिला कोणाचे कौतुक किंवा उपहास करायचा नसतो. कोण हरवते आहे ते शोधायचे असते, आणि आकडा लाल पट्टीत गेला की तिच्यावर, आरोग्य केंद्रावर, शासनावर आणि आपल्यावर काहीतरी करण्याचे बंधन येते. पुण्याच्या त्या अभ्यासाकडे पाहता नांदगाव पेठचे पोट आणि मेळघाटचा दंड ही दोन निराळी दुखणीही राहत नाहीत; अर्धपोटी मातांचा इतिहास दोन्हीकडे आहे. नातवाने स्वतःची कंबर मोजावी, आमची मनाई नाही. त्याच फितीने आपल्या वस्तीतील बांधकामावरच्या मजुरांच्या बाळांचे दंडही अंगणवाडीच्या ताईच्या मदतीला जाऊन मोजता आले, तर आजोबांचीही हरकत राहणार नाही असे वाटते.

उपवासकाळ जवळ आला की आणखी एक प्रश्न हमखास येतो: चरबी उतरावी म्हणून उपवास केला तर तो देवाला पावतो का? वजन उतरणे हे पाप नाही, ते होऊ द्यावे. परंतु यशया संदेष्ट्याने सांगितलेला उपवास भुकेल्याला भाकर वाटण्याचा आहे. तेव्हा वगळलेल्या जेवणाची डाळ आणि पीठ डब्यातच राहिले, तर तो आहार झाला; ते कोणाच्या घरी पोहोचले, तर उपवास झाला. शिवाय प्रभूने उपवास गुप्तपणे करावयास सांगितला आहे, म्हणून चाळीस दिवसांचा आलेख चौकातल्या मित्रांना दाखवत फिरू नये. ख्रिस्तसभेचा नियम राख बुधवार आणि पवित्र शुक्रवार या दोन दिवशी उपवास मागतो, तोही वयाची १८ वर्षे पूर्ण झाल्यापासून ५९ पूर्ण होईपर्यंत. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय जेवण चुकवू नये. साखर एकाएकी उतरली तर मिस्सेतच चक्कर येते. अशांनी आमच्याकडे येऊन फक्त सांगावे. सूट देण्यास आम्हांला दोन मिनिटेही लागत नाहीत, आणि त्या बदल्यात काय करावे हेही आम्ही सुचवू.